लाल मुंगी आणि वॉटर स्ट्रायडर: मुंबईत राहून दोन कीटकांची तुलना कशी करायची

‘दोन भिन्न अधिवासांतील कीटकांची तुलना करा’ असा प्रोजेक्ट मिळाला की बहुतेक मुलं वहीत दोन रकाने आखतात. पंख: आहेत, नाहीत. रंग: तांबडा, काळा. पाय: सहा, सहा. अन्न: मांसाहारी, मांसाहारी. खाली चिकटवलेली दोन चित्रं, आणि निष्कर्ष ठरलेला: ‘दोन्ही कीटक आपापल्या अधिवासाशी जुळवून घेतात.’ हे वाक्य झुरळालाही लागू पडतं आणि फुलपाखरालाही, म्हणजे त्यातून काहीच कळत नाही.

तुलनेत खरा प्रश्न एकच असतो: हा जो फरक दिसतोय तो जागेमुळे आहे की घराण्यामुळे? या कीटकाला ही सोंड पाण्यावर राहतो म्हणून आहे, की त्याच्या सगळ्या भाऊबंदांना ती असतेच? याचं उत्तर दोन रकान्यांत सापडत नाही, त्यासाठी थोडी वेगळी पद्धत लागते. ती पद्धत मुंबईत सहज सापडणाऱ्या एका जोडीवर, पायरीपायरीने सांगतो. शाळेचा प्रोजेक्ट असो, बीएस्सीचं जर्नल असो की नुसती हौस, पायऱ्या त्याच.

पहिली पायरी: जोडी नीट निवडा

माझी शिफारस अशी. एक, आंब्या-जांभळाच्या झाडावर पानं शिवून घर करणारी लाल मुंगी. कोकणातली माणसं तिला ओंबील म्हणतात आणि आंबे उतरवताना शिव्या घालतात. शास्त्रीय नाव ओकोफिला स्मरॅग्डिना. दुसरा, तळ्याच्या किंवा ओढ्याच्या पाण्यावर न बुडता सरकणारा लांब पायांचा कीटक, वॉटर स्ट्रायडर. त्याचं कुळ गेरिडी.

हीच जोडी का? दोघं एकाच दिवशी, चालत जाण्याच्या अंतरात बघता येतात. दोघंही शिकारी आहेत, त्यामुळे खाण्याचा मोठा फरक आड येत नाही. आणि दोघांसमोरची अडचण एकाच जातीची आहे: पायाखालचा पृष्ठभाग भरवशाचा नाही. मुंगीच्या पायाखाली वाऱ्यावर हलणारं, मेणचट, गुळगुळीत पान. तेही पुष्कळदा उलटं. स्ट्रायडरच्या पायाखाली पाणी.

फुलपाखरू आणि वाळवी अशी जोडी घेतली तर फरक इतके निघतात की कशाचा संबंध कशाशी लावायचा तेच समजत नाही. जोडी निवडताना ‘दोघांना भेडसावणारा एक समान प्रश्न’ सापडतो का, एवढं बघा. सापडत नसेल तर जोडी बदला.

दुसरी पायरी: कुठे, कधी, काय घेऊन

लाल मुंग्यांसाठी फार लांब जायला नको. आरे कॉलनी, बोरिवलीचं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, किंवा जुन्या सोसायटीतलं आंब्याचं झाड, कुठेही चालेल. फांदीच्या टोकाला हिरव्या पानांचा गोळा दिसला आणि पानांच्या कडा पांढऱ्या जाळीदार धाग्याने जोडलेल्या असल्या की घरटं सापडलं. पानं वाळून तपकिरी झाली असतील तर ते बहुधा सोडून दिलेलं घरटं असतं. पुढचा गोळा शोधा.

स्ट्रायडरसाठी संथ आणि बऱ्यापैकी स्वच्छ पाणी हवं. राष्ट्रीय उद्यानातले ओढे पावसाळ्यानंतर उत्तम. धारावीजवळ मिठी नदीच्या काठी, एके काळच्या कचराभूमीवर उभं राहिलेलं महाराष्ट्र निसर्ग उद्यान आहे, तिथलं तळंही बघण्यासारखं. पवई तलावाचा शांत काठ चालेल, पण तिथे मगरी आहेत हे विसरू नका. पाण्यात पाय घालायचा नाही आणि काठावर उकिडवं बसून मान पुढे काढायची नाही. साबणाचा फेस किंवा तेलाचा तवंग असलेल्या पाण्यावर स्ट्रायडर शोधण्यात वेळ घालवू नका. का, ते पुढे येईलच.

सगळ्यात सोयीचा काळ सप्टेंबरअखेर ते डिसेंबर. ओढ्यांना पाणी असतं पण पूर नसतो आणि मुंग्याही जोरात असतात. भर पावसात गेलात तर निसरड्या दगडांबरोबर लेप्टोस्पायरोसिसचाही धोका असतो. पायाला जखम असेल तर साचलेल्या पाण्याच्या वाटेला जाऊच नका. आरे आणि राष्ट्रीय उद्यानाच्या कडेला बिबट्यांचा वावर आहे, म्हणून संध्याकाळी अंधारायच्या आत परत. राष्ट्रीय उद्यान सोमवारी बंद असतं. तिथून परवानगीशिवाय कीटक, पान, काहीही उचलायचं नाही. या कामाला त्याची गरजही नाही.

सोबत दहापट दाखवणारं भिंग, स्लो-मोशन असलेला मोबाइल, पारदर्शक प्लॅस्टिकची पट्टी, वही आणि पेन्सिल. पेन नको, घामाच्या हाताने शाई पसरते. पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला आणि घरट्याच्या बरोब्बर खाली उभं राहून वर बघू नका. लाल मुंगीला नांगी नसते, पण ती जबड्याने चावते आणि त्या जागी पोटाच्या टोकातून फॉर्मिक आम्ल सोडते. डोळ्यात गेलं तर चांगलंच झोंबतं. चावलेली जागा पाण्याने धुतली की पुरतं. चुना-हळदीची धावपळ नको.

तिसरी पायरी: ओळख पक्की करा

ही पायरी कंटाळवाणी वाटते म्हणून लोक उरकून टाकतात आणि मग भलत्याच प्राण्याची माहिती लिहितात.

मुंगीच्या बाबतीत फसवणारा प्राणी म्हणजे मुंगीसारखा दिसणारा कोळी, मिरमाप्लाटा. रंग तोच तांबूस, कंबर तशीच बारीक, आणि पुढचे दोन पाय मिशांसारखे हवेत हलवत तो लाल मुंग्यांच्या आसपास फिरत असतो. नर कोळ्याचे जबडे एवढे लांब असतात की एक मुंगी दुसरीला तोंडात धरून चालली आहे असंच वाटतं. ओळखायचं कसं? पाय मोजा. हवेतले दोन धरून आठ भरले तर कोळी. शिवाय हटकलं की मुंगी मागे सरत नाही, उलट अंगावर येते. कोळी पानाच्या मागे सटकतो किंवा धाग्यावर लोंबकळून खाली उतरतो. कोळी सापडला तर त्याचा फोटो जरूर काढा, तो बोनस.

लाल मुंगीत कामकरी दोन मापांच्या असतात. बाहेर दिसणाऱ्या मोठ्या साधारण आठ ते दहा मिलिमीटरच्या. लहान कामकरी बहुतेक घरट्यातच असतात, पिल्लं सांभाळतात. दोन मापं दिसली म्हणून दोन जाती लिहू नका.

स्ट्रायडरच्या बाबतीत गोंधळ पाण्यावरच्या इतर कीटकांशी होतो. पाण्यावर गोल गोल गिरक्या घेणारा काळा चकचकीत ठिपका दिसला तर तो भुंगेरा. पाठीवर पडून पाण्याखालून पोहणारा आणखी वेगळा. स्ट्रायडरचं अंग पाण्याला टेकत नाही, ते चार लांब पायांवर उचललेलं असतं आणि पाय टेकतात तिथे पाण्याच्या पृष्ठभागाला खळगा पडतो. उन्हात त्या खळग्यांच्या गोल सावल्या तळाशी दिसतात. पाणी उथळ असेल तर आधी सावल्याच नजरेत येतात, कीटक नंतर.

जात ठरवणं मात्र अवघड. भारतातल्या तळ्या-डबक्यांवर लिम्नोगोनस सर्रास आढळतो, तर जोरात वाहणाऱ्या ओढ्यांवर दांडगा टिलोमेरा दिसू शकतो. खात्री नसेल तर वहीत ‘गेरिडी कुळ’ एवढंच लिहा. ठोकून दिलेल्या जातीच्या नावापेक्षा बरोबर लिहिलेलं कुळ केव्हाही चांगलं.

चौथी पायरी: पावलापासून सुरुवात

डोकं, वक्ष, उदर या क्रमाने वर्णन करायची सवय आपल्याला पाठ्यपुस्तकांनी लावली आहे. इथे ती सोडा. समान प्रश्न पायाखालचा आहे, तर आधी पाऊल बघा.

लाल मुंगी पानाच्या खालच्या बाजूने चालताना भिंग लावा. तिच्या प्रत्येक पायाच्या टोकाला दोन नख्या आणि त्यांच्या मध्ये एक मऊ गादी असते. खरखरीत सालीवर नख्या काम करतात. गुळगुळीत पानावर नख्या घसरल्या की गादी उघडते आणि तिच्यावरच्या द्रवाच्या पातळ थरामुळे चिकटते. पाय अंगाकडे ओढला की पकड घट्ट होते. पुढे ढकलला की गादी मिटते आणि सुटते. म्हणजे चिकटणं आणि सुटणं दोन्ही पायाच्या ओढीतच ठरतं, प्रत्येक पावलाला वेगळा विचार नको. काचेसारख्या पृष्ठभागाला उलटं लटकून ही मुंगी स्वतःच्या वजनाच्या शंभरपटीच्या आसपास वजन जबड्यात धरून ठेवते, हे प्रयोगशाळेत टिपलेलं आहे.

आता स्ट्रायडरचं पाऊल. त्याला चिकटायचंच नाही, ओलं न होता टेकायचं आहे. त्याच्या पायांवर अतिशय बारीक केसांची दाट लव असते आणि प्रत्येक केसावर आणखी बारीक खाचा. या खाचांमध्ये हवा अडकते आणि पाणी आत शिरत नाही. २००४ साली गाओ आणि जियांग या चिनी शास्त्रज्ञांनी मोजमाप करून दाखवलं की स्ट्रायडरचा एकच पाय पाण्याचा पृष्ठभाग फुटण्याआधी त्याच्या सबंध शरीराच्या सुमारे पंधरापट भार पेलतो. त्याआधी पायावरच्या मेणाला सगळं श्रेय दिलं जायचं. या कामाने ते केसांच्या रचनेकडे वळवलं.

हा आकडा तुम्हीही ताडून बघू शकता. पाण्याचा पृष्ठताण, म्हणजे पृष्ठभागाची ताणलेल्या पडद्यासारखी ओढ, दर मीटरला सुमारे ०.०७२ न्यूटन. समजा स्ट्रायडर दहा मिलिग्रॅमचा आहे, म्हणजे वजन साधारण ०.०००१ न्यूटन. मधल्या आणि मागच्या मिळून चार पायांचा प्रत्येकी एक सेंटीमीटर भाग पाण्यावर टेकलाय आणि पृष्ठभाग पायाच्या दोन्ही कडांना वर उचलतोय. एकूण कड आठ सेंटीमीटर. ०.०८ गुणिले ०.०७२ म्हणजे जवळपास ०.००५८ न्यूटन, वजनाच्या साठपटीच्या आसपास. चार पाय, प्रत्येकी पंधरापट: हिशेब जुळतो.

हेच गणित माणसाला लावा. साठ किलोच्या माणसाला पृष्ठताणावर उभं राहायचं तर पावलांचा परीघ आठ किलोमीटरहून जास्त हवा. आकार वाढला की वजन घनाच्या पटीत वाढतं, पायाची कड मात्र लांबीच्याच पटीत. म्हणून पाण्यावर चालणारे प्राणी लहानच असतात. वहीत हे गणित आलं की तुमचा प्रोजेक्ट वर्गातल्या बाकीच्यांपेक्षा वेगळा झालाच म्हणून समजा.

दोघांच्याही पायांना गरजेपेक्षा कितीतरी जास्त क्षमता आहे, हेही नोंदवा. स्ट्रायडरला पावसाचे थेंब, लाटा आणि स्वतःच्या उड्या सोसायच्या असतात. मुंगीला वाऱ्याचे झोके, तडफडणारी शिकार आणि वाकायला तयार नसलेलं पान. शांत दिवशी बघून ‘एवढी ताकद कशाला?’ असं वाटू शकतं, पण ही क्षमता वाईट दिवसासाठी असते.

चालीचा फरक स्लो-मोशनमध्ये सुंदर दिसतो. मुंगी, बहुतेक कीटकांप्रमाणे, तीन-तीन पायांच्या गटाने चालते: एका बाजूचे पहिला-तिसरा आणि दुसऱ्या बाजूचा मधला टेकलेले, बाकीचे तीन हवेत, मग उलट. स्ट्रायडरचे मधले दोन्ही पाय एकाच वेळी मागे जातात. मागचे दोन तोल आणि दिशा सांभाळतात. पुढचे दोन आखूड पाय शिकार पकडायला राखून ठेवलेले. पाण्यावर पुढे जायचं तर पाणी मागे ढकलावं लागतं. २००३ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या ह्यू, चॅन आणि बुश यांनी रंगीत पाण्यात दाखवलं की प्रत्येक रेट्यामागे पृष्ठभागाखाली पाण्याचे छोटे भोवरे मागे जातात. पुढे सरकण्याचा जोर मुख्यतः त्या भोवऱ्यांतून येतो, वर दिसणाऱ्या लहरींमधून नव्हे.

मधेच घरी करायचा प्रयोग

कीटक घरी आणू नका. वाटीभर पाणी, शिवणाची सुई आणि टिश्यू पेपरचा तुकडा पुरेसा आहे. टिश्यू पाण्यावर ठेवा, त्यावर सुई आडवी ठेवा, टिश्यू भिजला की काडीने हलकेच खाली ढकला. सुई तरंगत राहील. बाजूने प्रकाश टाकून बघा, सुईच्या दोन्ही अंगांना पृष्ठभाग वाकलेला दिसेल, तोच खळगा. आता वाटीच्या कडेला भांडी घासायच्या लिक्विडचा एकच थेंब सोडा. सुई गपकन तळाशी जाते.

साबणाने पृष्ठताण निम्म्याच्या आसपास उतरतो, शिवाय केसांमधल्या खाचांत पाणी शिरायला वाट मिळते. नाल्याचं फेसाळ पाणी मिसळलेल्या तळ्यावर स्ट्रायडर का दिसत नाहीत, त्याचं उत्तर वाटीत आहे. हा थेंब खऱ्या तळ्यात टाकून बघायचा मोह एखाद्याला होतोच. तो टाकू नका.

पाचवी पायरी: निरोप, घर, पिल्लं

पावलांचं झालं की तोच पृष्ठभाग दोघं आणखी कशासाठी वापरतात ते बघा.

मुंगी पृष्ठभागावर वास सोडते. घरट्यापासून शिकारीपर्यंतच्या वाटेवर एकीमागून एक चालणाऱ्या मुंग्या त्या वासावर जातात. वाटेत दोघी समोरासमोर आल्या की मिशा एकमेकींना लावतात, कधी एक अंग झटकते. या मुंगीच्या आफ्रिकेतल्या भावंडजातीत हॉलडोब्लर आणि विल्सन या शास्त्रज्ञांनी १९७८ साली मदतीला बोलावण्याच्या पाच वेगवेगळ्या पद्धती नोंदवल्या: अन्नासाठी वेगळी, नव्या प्रदेशासाठी वेगळी, घरटं हलवण्यासाठी वेगळी, शत्रू जवळ आला तर वेगळी, लांब असला तर वेगळी.

स्ट्रायडरला वासाची वाट पाण्यावर आखता येत नाही. तो लहरी वापरतो. पाण्यात पडलेल्या कीटकाच्या धडपडीच्या लहरी पायांतून कळतात, आणि जोडीदाराला किंवा प्रतिस्पर्ध्यालाही तो लहरींनीच खुणावतो. काठावर बसून बारीक गवताच्या काडीचं टोक पाण्याला हलकेच थरथरवा; जवळचे दोन-तीन स्ट्रायडर तोंड वळवतील. फार जोरात हलवलीत तर पळतील.

मुंगीचा संदेश ती निघून गेल्यावरही उरतो, स्ट्रायडरचा क्षणात विरतो. लाखोंच्या वसाहतीला उरणारा संदेश उपयोगाचा. एकेकट्या शिकाऱ्याला ‘आत्ता, इकडे’ एवढंच पुरतं.

घराच्या बाबतीत लाल मुंगी भाव खाऊन जाते, आणि इथे थोडा वेळ घालवण्यासारखा आहे. नवं घरटं चालू असताना बघायला मिळालं तर जागचे हलू नका. आधी मुंग्या पानाच्या कडेला ओळीने उभ्या राहून शेजारचं पान ओढतात. अंतर जास्त असेल तर एक मुंगी दुसरीची कंबर जबड्यात धरते, तिची तिसरी, अशी साखळी होते आणि सगळी साखळी मिळून पान जवळ आणते. मग घरट्यातून काही मुंग्या पांढऱ्या अळ्या तोंडात धरून येतात. या अळ्या त्यांच्याच वसाहतीची पिल्लं. मुंगी अळीचं डोकं एका पानाच्या कडेला टेकवते, मिशांनी थोपटते, अळीच्या तोंडातून रेशीम निघतं. मग दुसऱ्या कडेला टेकवते. इकडून तिकडे, पुन्हा इकडे. गिरणगावात ज्यांच्या घरी कुणी मागावर काम केलंय त्यांना ही हालचाल ओळखीची वाटेल, धोटा असाच जातो. फरक इतकाच की हा धोटा जिवंत आहे आणि सूत त्याच्या पोटातलं आहे.

ही घरटी एका झाडावर किंवा शेजारच्या झाडांवर मिळून अनेक असतात आणि सगळी एकाच वसाहतीची. राणी सहसा एकच. सीमेवरच्या घरट्यांत म्हाताऱ्या कामकरी राहतात, शत्रूशी पहिली गाठ त्यांची.

स्ट्रायडरला घर नाही. मादी पाणवनस्पतीच्या देठावर किंवा तरंगत्या काडीवर अंडी घालते, पिल्लं बाहेर पडतात तीच छोट्या स्ट्रायडरसारखी दिसणारी, पाच वेळा कात टाकून मोठी होतात.

पंखांचा मुद्दा मात्र गमतीचा. लाल मुंग्यांत पंख फक्त नवीन राण्यांना आणि नरांना, तेही मीलनाच्या उड्डाणापुरते. नंतर राणी पंख झाडून टाकते. स्ट्रायडरच्या एकाच जातीत काही पंखवाले आणि काही बिनपंखी असे दोन्ही सापडतात. डबकं आटायला लागलं की पंखवाल्यांना दुसरं पाणी गाठता येतं. रोजच्या चालीसाठी पंख दोघांनाही नकोत. नवी जागा गाठायला हवेत. एरवी रकान्यांत ‘नाहीत’ आणि ‘काहींना आहेत’ एवढंच आलं असतं.

सहावी पायरी: नातेवाईक शोधून आणा

हीच पायरी बहुतेक प्रोजेक्टमध्ये नसते आणि हिच्याशिवाय बाकी सगळं अर्धवट आहे.

गार्लंड आणि अडॉल्फ या शास्त्रज्ञांनी १९९४ मध्ये एक लेखच लिहिला, दोनच जातींची तुलना का करू नये यावर. मुद्दा सरळ आहे. कुठल्याही दोन जाती घ्या, त्यांत फरक निघणारच. तो फरक जागेमुळेच आलाय हे दोघांकडे बघून सिद्ध होत नाही. यावर घरगुती उपाय: प्रत्येकाच्या शेजारी त्याचा एक नातेवाईक उभा करा, जो त्या खास जागी राहत नाही.

लाल मुंगीचा नातेवाईक: डोंगळा, म्हणजे जमिनीत वारूळ करणारी मोठी काळी मुंगी. सोसायटीच्या बागेत मिळेल. स्ट्रायडरचा नातेवाईक: काटेसावर किंवा भेंडीच्या झाडाखाली घोळक्याने फिरणारे लाल-काळे ढेकूण. स्ट्रायडर याच ढेकणांच्या मोठ्या गणातला आहे, म्हणजे आपल्या गादीतल्या ढेकणाचाही लांबचा भाऊ.

आता एकेक फरक या चाळणीतून काढा.

स्ट्रायडरची टोचून रस शोषणारी सोंड: लाल-काळ्या ढेकणालाही आहे, गादीतल्या ढेकणालाही. म्हणजे ती घराण्याची देणगी. ‘पाण्यावर राहण्यासाठी सोंड’ असं लिहू नका.

स्ट्रायडरचे लांब, लव असलेले, न भिजणारे पाय आणि मधल्या जोडीची एकत्र हालचाल: जमिनीवरच्या ढेकणाला असे पाय नाहीत, तो तीन-तीन पायांनी चालतो. इथे जागेचा संबंध जोडायला आधार आहे.

लाल मुंगीला नांगी नसणं आणि फॉर्मिक आम्ल असणं: डोंगळ्याचंही तेच. घराणं.

अळी, कोशित (अळी आणि प्रौढ यांच्या मधली अवस्था), मग मुंगी असं पूर्ण रूपांतर: डोंगळा, मधमाशी, गांधीलमाशी सगळ्यांत. घराणं.

आणि माझा सगळ्यात आवडता मुद्दा: डोंगळ्याची अळी स्वतःभोवती रेशमी कोष विणते. लाल मुंगीची अळी विणत नाही, तिचा कोशित उघडाच असतो. कारण तिचं रेशीम घरटं शिवण्यात खर्च झालेलं असतं. भाऊबंदांकडे असलेली गोष्ट इथे वेगळ्या कामाला लागली आहे, आणि ते काम थेट झाडावर राहण्याशी बांधलेलं आहे. अधिवासाशी अनुकूलन म्हणजे काय, याचं यापेक्षा चांगलं उदाहरण मला मुंबईत दुसरं माहीत नाही.

चार प्राणी झाले म्हणून काम दुप्पट होत नाही. नातेवाइकांचं सबंध वर्णन नको, वादातल्या मुद्द्यापुरतं बघा.

सातवी पायरी: आकडे घ्या

आकडे कमी घ्या, पण नीट घ्या. मुंगीसाठी: खोडावर एक खूण ठरवा आणि एका मिनिटात किती वर गेल्या, किती खाली आल्या ते मोजा, वर-खाली वेगळं. सकाळी, भर दुपारी आणि चारच्या सुमारास तीच खूण. खाली येणाऱ्यांच्या तोंडात काही आहे का, हेही लिहा. फांदीवर खवले कीड किंवा पिठ्या ढेकूण असतील आणि मुंग्या त्यांच्याभोवती असतील तर वेगळी नोंद करा. त्यांच्याकडून मुंग्यांना गोड रस मिळतो आणि बदल्यात त्यांना संरक्षण. चीनमधले संत्री-मोसंबीचे बागायतदार सुमारे सतराशे वर्षांपूर्वीपासून या मुंग्या झाडांवर सोडायचे, किडी खाव्यात म्हणून. पण त्या काही किडींना पाळतातही. ओंबील बागेला चांगली की वाईट, याचं एका शब्दात उत्तर म्हणूनच देता येत नाही.

स्ट्रायडरसाठी: मोबाइल पाण्याच्या बरोब्बर वर धरून स्लो-मोशन घ्या. पट्टी पाण्यात बुडवू नका, काठावर त्याच उंचीला ठेवून एक फ्रेम घ्या म्हणजे माप मिळेल. एका रेट्यात तो स्वतःच्या अंगाच्या किती लांब्या सरकला ते मोजा. सेकंदाला २४० फ्रेमचा व्हिडिओ असेल आणि पायाचा रेटा १२ फ्रेममध्ये झाला, तर वेळ ०.०५ सेकंद. वेग मिलिमीटरमध्ये देण्यापेक्षा ‘अंगाच्या लांबीच्या पटीत’ दिला तर लहान-मोठ्या प्राण्यांची तुलना रास्त होते. मुंगीलाही तेच माप लावा.

एकाच स्ट्रायडरचे दहा रेटे आणि दहा स्ट्रायडरचा एकेक रेटा, हे दोन वेगळे प्रकार आहेत. दुसरा घ्या.

झाडाची फांदी पाण्यावर झुकलेली असेल तर नशीब समजा. घसरलेली मुंगी पाण्यात पडली की लगेच बुडत नाही, पण तिला पकडायला काही नसतं. धडपडीच्या लहरी पसरतात आणि स्ट्रायडर धावून येतात, सोंड खुपसतात. तुमची दोन्ही पात्रं एका फ्रेममध्ये. पण मुंग्या स्वतः पाण्यात टाकून हा प्रसंग घडवू नका, मग ती नोंद राहत नाही.

आठवी पायरी: लिहिताना

‘पाण्यावर चालता यावं म्हणून स्ट्रायडरने लांब पाय विकसित केले’ हे वाक्य प्रत्येक वहीत असतं. स्ट्रायडरने काही ठरवलेलं नाही. ज्यांचे पाय कमी भिजायचे ते जास्त टिकले, त्यांची पिल्लं जास्त झाली, असं लिहा. दोन ओळी जास्त लागतील, लागू द्या.

कोण श्रेष्ठ, हे लिहू नका. मुंगीच्या कष्टांचं कौतुक आणि स्ट्रायडरला ‘एकलकोंडा’ म्हणणं, दोन्ही टाळा.

तक्ता ठेवायचा असेल तर दोनऐवजी चार रकाने करा: प्रश्न, लाल मुंगी, स्ट्रायडर, नातेवाइकांवरून काय ठरतं. शेवटच्या रकान्यात ‘घराणं’, ‘जागा’ किंवा ‘ठरत नाही’ यांपैकी एक येईल. ‘ठरत नाही’ चार-पाच वेळा आलं तरी खोडू नका. परीक्षक जाणकार असेल तर तोंडी परीक्षेत याच ओळींवर थांबेल.

फोटो आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या वेबसाइटवर टाकायचे असतील तर मुंगीचा बाजूने आणि वरून, घरट्याचा एक, आणि स्ट्रायडरचा वरून एक व बाजूने एक असे घ्या. बाजूच्या फोटोत पाय टेकलेले खळगे दिसले पाहिजेत. ठिकाण आणि तारीख अचूक भरा, अधिवासाच्या जागी ‘संथ ओढा, झाडांची सावली’ असं स्पष्ट लिहा आणि जातीचा रकाना खात्री नसेल तर कुळावरच सोडा; जाणकार मंडळी बघून पुढचं नाव सुचवतात.